भुकेचे निदान करणारा डॉक्टर

जुलै १९४६. दुसरे महायुद्ध संपले होते, ब्रिटन जिंकले होते, आणि नेमक्या त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये पाव शिध्यावर आला. युद्धाच्या सहा वर्षांत लोणी, साखर, मांस, चहा अशा अनेक वस्तू कूपनांवर मिळत होत्या; पण पावाला कोणी हात लावला नव्हता. आता शांततेच्या काळात ती वेळ आली, कारण जगभर गव्हाचा तुटवडा होता. युरोपची शेते उद्ध्वस्त झाली होती आणि भारतात पावसाने दगा दिल्यामुळे पुन्हा दुष्काळाचे सावट होते. उपलब्ध धान्य अनेक देशांत वाटून खायचे, तर ज्यांना थोडे जास्त मिळत होते त्यांना थोडे कमी घ्यावे लागणार होते.

त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये पासष्ट वर्षांचा एक स्कॉटिश डॉक्टर या वाटपाची घडी बसवत होता. त्याचे नाव जॉन बॉइड ऑर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे, म्हणजे आज ज्याला आपण ‘एफएओ’ म्हणतो तिचे, ते पहिले महासंचालक. जगातली भूक आणि गरिबी देशांनी एकत्र येऊन संपवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आयुष्यभर शोधले. त्यांना ते अर्धे सापडले. उरलेले अर्धे का सापडले नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

ऑर यांचा जन्म २३ सप्टेंबर १८८० रोजी स्कॉटलंडमधील किलमॉर्स या गावी झाला. सात भावंडे, धार्मिक वृत्तीचे घर. वडिलांचा दगडखाणीचा व्यवसाय होता. मुलगा हुशार निघाला आणि शिष्यवृत्तीवर ग्लासगो विद्यापीठात शिकायला गेला. त्या काळचे ग्लासगो म्हणजे जहाजबांधणी आणि कारखान्यांचे श्रीमंत शहर. पण याच शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहत असे. पदवीनंतर ऑर अशाच एका वस्तीतील शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. वर्गात खच्चून भरलेली मुले होती. काहींच्या अंगावर उवा, पायांत बूट नाहीत, आणि बरीचशी उपाशी. अशा मुलांना शिकवण्यात अर्थ नाही असे वाटून त्यांनी थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. दुसऱ्या शाळेत काही वर्षे नोकरी करून ते पुन्हा विद्यापीठात परतले आणि वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. खर्च भागवण्यासाठी त्यांनी कर्ज काढून एक इमारत घेतली आणि तिच्या खोल्या भाड्याने दिल्या. व्यवहाराची ही जाण पुढे आयुष्यभर कामी आली.

डॉक्टर झाल्यावर ते काही महिने पश्चिम आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर वैद्य होते, नंतर काही आठवडे त्यांनी दुसऱ्याच्या दवाखान्यात रुग्ण तपासले. पण रुग्णसेवेपेक्षा संशोधन त्यांना अधिक ओढत होते. १९१४ च्या एप्रिलमध्ये ॲबर्डीन येथील नव्या पोषण संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून ते दाखल झाले, तेव्हा तिथे संस्था म्हणावी असे काहीच नव्हते. काम उभे राहते न राहते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ऑर लष्कराच्या वैद्यकीय पथकात गेले. सोम आणि पाशेंडेल या दोन्ही भीषण लढायांत त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली आणि त्याबद्दल त्यांना दोन शौर्यपदके मिळाली. खंदकांत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आसपासच्या ओसाड पडलेल्या बागा आणि शेतांतून भाजीपाला गोळा करून तो आपल्या पलटणीच्या जेवणात घालायला लावला. आजार झाल्यावर औषध देण्यापेक्षा आजार होऊ नये म्हणून अन्न सुधारणे सोपे असते, हा धडा त्यांनी युद्धभूमीवरच गिरवला.

युद्धानंतर ॲबर्डीनला परतून त्यांनी देणग्या मिळवल्या आणि संस्था उभी केली. जॉन रोवेट या देणगीदाराच्या नावाने ती ‘रोवेट इन्स्टिट्यूट’ म्हणून प्रसिद्ध झाली. सुरुवातीचे संशोधन जनावरांच्या आहारावर होते. डोंगराळ भागातील मेंढ्या खुरटलेल्या का राहतात, याचे उत्तर शोधताना ऑर यांचे लक्ष कुरणांतील खनिजांकडे गेले. ज्या जमिनीत चुना, फॉस्फरस यांसारखे घटक कमी, त्या जमिनीतल्या गवतात ते कमी. आणि ते गवत खाणारे जनावर अशक्त. माती, गवत, जनावर आणि माणूस ही एकच साखळी आहे आणि तिची पहिली कडी मातीत आहे, ही गोष्ट त्यांनी पर्यावरण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी प्रयोगांनी दाखवली.

पुढचा प्रयोग माणसांवर होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील सात शहरे आणि बेलफास्ट येथील हजाराहून अधिक शाळकरी मुलांची निवड झाली. काही मुलांना रोज साय असलेले दूध, काहींना साय काढलेले दूध, काहींना तेवढ्याच उष्मांकांची बिस्किटे, तर काहींना जादा काहीच नाही, असे गट पाडण्यात आले. सात महिन्यांनंतर दूध पिणाऱ्या मुलांची उंची आणि वजन यांतील वाढ इतरांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त भरली. महत्त्वाचे म्हणजे साय काढलेल्या दुधानेही जवळपास तेवढाच फायदा झाला. म्हणजे या मुलांच्या पोटात केवळ उष्मांक कमी पडत नव्हते. प्रथिने, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे कमी पडत होती. पोट भरलेले दिसते, पण शरीर उपाशी असते, अशा या अवस्थेला आज ‘छुपी भूक’ म्हणतात. या प्रयोगांचा परिणाम धोरणावर झाला आणि १९३४ मध्ये ब्रिटनमधील शाळांत मुलांना स्वस्तात दूध देण्याची योजना सुरू झाली. एरवी ग्राहक नाही म्हणून वाया जाणारे दूध यामुळे कामी आले. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले आणि मुलांना पोषण मिळाले. एकीकडचा अतिरेक आणि दुसरीकडचा तुटवडा एकमेकांना भेटवायचा, हे ऑर यांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे सूत्र इथेच ठरले.

केनियातही त्यांनी एका सहकाऱ्यासोबत अभ्यास केला. दूध, मांस आणि रक्त यांवर जगणारे मसाई आणि मुख्यतः धान्यावर जगणारे किकुयू हे शेजारी समाज. मसाई पुरुष सरासरी पाच इंच उंच आणि सुमारे दहा किलो जड आढळले. या फरकात आनुवंशिकतेचाही वाटा असणार, असे आजचा अभ्यासक म्हणेल; पण आहार बदलला की अख्ख्या समाजाच्या आरोग्याचे चित्र बदलू शकते, हा प्रश्न या अभ्यासाने ऐरणीवर आणला.

१९३६ मध्ये ‘फूड, हेल्थ अँड इन्कम’ हे त्यांचे पुस्तक आले आणि ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. त्यांनी हजाराहून अधिक कुटुंबांच्या खर्चाचे हिशेब तपासले आणि लोकसंख्येचे उत्पन्नानुसार सहा गट पाडले. सर्वांत गरीब गटातला माणूस आठवड्याला सुमारे ४ शिलिंग अन्नावर खर्च करत होता, तर सर्वांत श्रीमंत गटातला सुमारे १४. गरीब गटात सुमारे ४५ लाख लोक होते. मोजमापासाठी ऑर यांनी ‘जगण्यापुरते’ अन्न न धरता ‘निरोगी राहण्यासाठी लागणारे’ अन्न धरले. तो निकष लावला असता देशातील जवळपास निम्म्या लोकांचा आहार अपुरा ठरला. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हटले जाई, त्याच्या राजधानीतल्या सरकारला हे ऐकायला आवडणे शक्य नव्हते. हा अहवाल सरकारी शिक्क्याशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर छापावा लागला. पण वादाने पुस्तकाचे काम केले. अन्नाचा प्रश्न हा अज्ञानाचा नसून मिळकतीचा आहे, हे लोकांच्या लक्षात आले. आईने घरी काय शिजवावे हे सांगून भागत नाही, तिच्या हातात पैसे किती आहेत हेही पाहावे लागते.

त्या पुस्तकाची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. पाणबुड्यांमुळे आयात घटली आणि सरकारला अन्नवाटप हाती घ्यावे लागले. ऑर आणि इतर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने शिधावाटपाची आखणी शास्त्रीय पायावर झाली. गरोदर आणि स्तनदा माता, तसेच पाच वर्षांखालील मुलांना स्वस्त किंवा मोफत दूध, पुढे संत्र्याचा रस आणि कॉड माशाचे तेल, सर्वांसाठी कमी चाळलेल्या, कोंडा राखलेल्या पिठाचा पाव. परिणाम थक्क करणारा होता. बाँबहल्ले, घरांची पडझड, टंचाई हे सारे असूनही युद्ध संपता संपता ब्रिटनमधील बालमृत्यूचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी झाले. एकूण अन्न कमी होते, पण वाटप न्याय्य होते. याच युद्धात ऑर यांचा एकुलता मुलगा मारला गेला.

एका देशात जे जमले ते जगात का जमू नये, हा पुढचा प्रश्न होता. १९४३ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेतील हॉट स्प्रिंग्ज येथे ४४ देशांची अन्न परिषद भरली. सरकारच्या दृष्टीने अडचणीच्या ठरलेल्या ऑर यांना ब्रिटनच्या शिष्टमंडळात स्थान नव्हते. नेमक्या त्याच वर्षी बंगालमध्ये २० ते ३० लाख माणसे भूक आणि साथींनी मेली. जगात धान्य नव्हते असे नाही. ते बंगालपर्यंत आणण्यासाठी लागणारी जहाजे आणि तसा निर्णय घेणारी इच्छाशक्ती नव्हती.

१६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातील क्वेबेक येथे अन्न व शेती संघटना स्थापन झाली. हाच दिवस आज ‘जागतिक अन्न दिन’ म्हणून पाळला जातो. भारत संस्थापक सदस्यांपैकी एक होता. ऑर तिथेही अधिकृत प्रतिनिधी म्हणून नव्हे, सल्लागार म्हणून गेले होते आणि परतले ते महासंचालक होऊन. संघटनेच्या पोषण विभागाची धुरा त्यांनी डॉ. वॉलेस एक्रॉइड यांच्याकडे सोपवली. एक्रॉइड दहा वर्षे तमिळनाडूतील कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते आणि बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगाचे सदस्यही. भारतातील भुकेचा अनुभव अशा रीतीने संघटनेच्या पायाशी होता.

पण बड्या देशांच्या मनात या संघटनेचे काम मर्यादित होते : आकडेवारी गोळा करावी, अहवाल छापावेत, सल्ला द्यावा. ऑर यांना हे मान्य नव्हते. रोग्याचे निदान करून त्याला औषधाविना घरी पाठवण्यासारखेच ते होते. १९४६ च्या टंचाईत त्यांनी तातडीची बैठक बोलावली आणि आंतरराष्ट्रीय आपत्कालीन अन्न परिषद उभी राहिली. कोणाकडे किती धान्य आहे आणि कोणाला किती गरज आहे, याचा हिशेब मांडून देशांनी आपसांत वाटप ठरवले. ज्या प्रमाणात दुष्काळाची भीती होती, तो टळला. जागतिक सहकार्य ही केवळ भाषणातली गोष्ट नाही, ते हिशेबाच्या वहीत उतरू शकते, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

सप्टेंबर १९४६ मध्ये कोपनहेगन येथे ऑर यांनी आपली मोठी योजना मांडली : जागतिक अन्न मंडळ. सुगीच्या वर्षी भाव कोसळले की मंडळाने धान्य विकत घेऊन साठवायचे, टंचाईच्या वर्षी भाव भडकले की ते बाजारात आणायचे. दुष्काळासाठी वेगळा साठा राखायचा. जास्तीचे धान्य गरीब देशांना त्यांना परवडेल अशा अटींवर द्यायचे. आणि त्या देशांना सिंचन, खते, अवजारे यांसाठी कर्ज पुरवून स्वतःच्या पायावर उभे करायचे. यामागे ताजा अनुभव होता. १९३० च्या दशकातील मंदीत ब्राझीलमध्ये कॉफी जाळली गेली, अमेरिकेत डुकरे मारून टाकली गेली, आणि त्याच वेळी जगात कोट्यवधी लोक अर्धपोटी होते. भाव पडल्यावर तेवढेच पैसे मिळवण्यासाठी अमेरिकी शेतकऱ्यांनी आणखी कुरणे नांगरली. पुढे दुष्काळ पडला आणि सैल झालेली माती वाऱ्याबरोबर उडून गेली. शेतकऱ्याची मिळकत, गरिबाचे ताट आणि जमिनीचा कस हे तीन प्रश्न वेगवेगळे नाहीत, हे या मंदीने दाखवले होते.

योजनेचे तत्त्वतः स्वागत झाले, आणि तत्त्वतः स्वागत झालेल्या योजनांचे जे होते तेच पुढे झाले. वॉशिंग्टनमध्ये तिचा तपशील ठरवण्यासाठी समिती बसली. अमेरिकेकडे सर्वाधिक धान्य आणि पैसा होता. तो आपल्या पूर्ण ताब्यात नसलेल्या संस्थेच्या हाती देण्यास ती तयार नव्हती. ब्रिटन अन्न आयात करणारा देश. मंडळामुळे आयात महाग पडेल अशी त्याला भीती होती. सोव्हिएत संघ संघटनेत आलाच नाही. १९४७ च्या जानेवारीपर्यंत मंडळाची कल्पना मागे पडली होती. तिच्या जागी चर्चा करणारी एक परिषद नेमली गेली. १९४८ मध्ये ऑर यांनी पद सोडले.

१९४९ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याची मुख्य योजना फेटाळली गेली त्याला मिळालेला हा सन्मान होता. पारितोषिकाची रक्कम त्यांनी शांततेसाठी झटणाऱ्या संस्थांना देऊन टाकली. गंमत म्हणजे पद सोडल्यावर कंपन्यांचे संचालकपद आणि शेअर बाजार यांतून त्यांनी स्वतः चांगला पैसा मिळवला. त्यामुळे ते व्यवहार न कळणारे स्वप्नाळू होते, असे म्हणण्याची सोय टीकाकारांना उरली नाही. त्याच वर्षी भारत सरकारच्या निमंत्रणावरून अन्नोत्पादनाबाबत सल्ला देण्यासाठी ते येथे आले होते. पुढची दोन दशके ते लोकसंख्या, अन्न आणि युद्ध या विषयांवर लिहीत, बोलत राहिले. २५ जून १९७१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

अन्न मंडळ झाले नाही, त्याची किंमत कोणी मोजली? १९५४ मध्ये अमेरिकेने पी. एल. ४८० हा कायदा करून आपले जास्तीचे धान्य इतर देशांना स्वतःच देण्यास सुरुवात केली. १९५० आणि १९६० च्या दशकांत भारतातील रेशन दुकानांत आलेला लाल गहू तोच. त्या गव्हाने असंख्य माणसे जगली, हे मान्य करायला हवे. पण १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी, आपल्या राजकीय नाराजीचा अंदाज घेत सोडली, तेव्हा दात्याच्या हातचे धान्य आणि हक्काचे धान्य यांतला फरक भारताला कळला. २००८ मध्ये तांदळाचे आंतरराष्ट्रीय भाव काही महिन्यांत जवळपास तिप्पट झाले, कारण अनेक निर्यातदार देशांनी, भारतासह, आधी आपले कोठार सांभाळले. प्रत्येकाचा निर्णय आपल्यापुरता समजण्यासारखा होता. सर्वांचे मिळून तांदूळ विकत घेणाऱ्या गरीब देशांचे हाल झाले. असा प्रसंग येऊ नये म्हणूनच ऑर यांना सामाईक साठा हवा होता.

तरीही जागतिक सहकार्य निरुपयोगी ठरले असे म्हणता येत नाही. भारताचे बिनय रंजन सेन १९५६ मध्ये अन्न व शेती संघटनेचे महासंचालक झाले आणि १९६० मध्ये त्यांनी भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू केली. जनावरांचे कळपच्या कळप संपवणारी आणि शेतकऱ्याला एका हंगामात कंगाल करणारी बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाली. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेला माँट्रियल करार यशस्वी झाला. त्यात गरीब देशांना पर्यायी तंत्रज्ञानासाठी पैसे देणारा सामाईक निधी होता.

या उदाहरणांत एक सारखेपणा दिसतो. कोणता देश काय करणार हे ठरलेले होते, खर्चाची सोय आधीच केलेली होती, आणि लाभ सर्वांना दिसत होता. जिथे सहकार्य म्हणजे श्रीमंतांनी आपल्या मर्जीने, आपल्या सवडीने केलेली मदत एवढाच अर्थ उरतो, तिथे ते पहिल्याच संकटात तुटते. हवामान बदलाच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे अडतात त्या याच जागी : पैसा किती, कोणाचा, आणि त्यावर ताबा कोणाचा.

आज जगात ६५ कोटींहून अधिक लोक भुकेले आहेत, आणि सर्वांना पुरेल इतके अन्न पिकते आहे. निदान १९३६ मध्ये ऑर यांनी केले तेच आहे : भूक ही मुख्यतः मिळकतीची आणि वाटपाची व्याधी आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेला जागतिक अन्न कार्यक्रम दरवर्षी कोट्यवधी लोकांपर्यंत धान्य पोहोचवतो. २०२० मध्ये त्यालाही शांततेचे नोबेल मिळाले. पण त्याच्याकडे हक्काचा निधी नाही. तो देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. देणग्या आटल्या की निर्वासितांच्या छावण्यांतील शिधा कमी केला जातो. छावणीतल्या मुलाला या महिन्यात किती उष्मांक मिळणार, हे त्याच्या वजनावरून न ठरता दूरच्या एखाद्या देशाच्या अर्थसंकल्पावरून ठरते. ऑर यांना नेमके हेच बदलायचे होते.